शिफ्टवरचं बोट

बारामतीत माझ्या दुकानावर ‘कॉम्प्युटर विक्री व दुरुस्ती’ अशी पाटी होती. पण विकत घ्यायला फारसं कोणी येत नसे आणि दुरुस्तीलाही बेताचेच. बहुतेक गिऱ्हाइकं एकच वाक्य घेऊन यायची, “आतारभाऊ, मशीन जरा हलकं करून द्या.” नव्वदचं दशक सरता सरता मी चार-पाच वर्षं याच कामावर घर चालवलं.

हलकं करणं म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांनी काढून टाकलेले कॉम्प्युटर टेंपोत भरून आमच्याकडे येत. त्या मशीनच्या सगळ्या मेमरीत मिळून आज मोबाईलमधले दोन-चार फोटोसुद्धा मावणार नाहीत. काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करायच्या जुन्या डॉसवर ती मशीन बिनतक्रार चालत. पण लोकांना हवी होती विंडोज, कारण तिच्यात मराठी अक्षरं छान दिसायची, माऊस फिरायचा आणि पडद्यावर रंग असायचे. पूर्ण विंडोज त्या म्हाताऱ्या मशीनवर टाकली, की बटण दाबून माणसाने चहाला जावं, चहा पिऊन, दोन ओळखीच्यांशी गप्पा मारून परत यावं, तरी पडद्यावर वाळूचं घड्याळ तसंच. मग मी कात्री चालवली. भिंतीवरची चित्रं काढली, गाणी काढली, पत्त्यांचे खेळ काढले, मदतीची पानं काढली. परदेशातल्या भाषा काढल्या. फॅक्सची सगळी भानगड काढली, कारण आमच्याकडे साधा फोन लागला तरी लोक पेढे वाटत. एक वस्तू काढायची, मशीन बंद करून चालू करायचं, उभं राहिलं तर दुसरी काढायची. आडवं झालं तर पुन्हा पहिल्यापासून. असं कित्येक महिने केल्यावर माझ्याकडे एक हार्ड डिस्क तयार झाली. तिच्यावरून मी इतरांना कॉपी करून द्यायचो. लोक तिला ‘आतार विंडोज’ म्हणायला लागले, आणि खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला फार गोड वाटायचं. ती अधिकृत होती का? नव्हती. तेव्हा ‘सरकारमान्य’ हा शब्द आमच्याकडे फक्त देशी दारूच्या दुकानावर वाचायला मिळे.

फायदा डोळ्यांना दिसत होता. वडगाव निंबाळकरच्या एका पतसंस्थेत धूळ खात पडलेलं मशीन सुरू झालं, तेव्हा तिथल्या सेक्रेटरींनी त्याला हार घातला होता. तोटा मात्र लपून राहायचा आणि नेमका नको तेव्हा वर यायचा. पणदऱ्याच्या एका दूध केंद्राने नवा प्रिंटर आणला, तो चालेना, कारण त्याला ओळखणारा तुकडा मी केव्हाच कापून टाकलेला. सकाळी दूध घालायला आलेली माणसं कॅन घेऊन खोळंबलेली आणि मी फ्लॉपीचा डबा मोटारसायकलला अडकवून धावतोय. दुसरा मेकॅनिक माझं मशीन उघडून बसला, की पहिल्यांदा मला शिव्या घालायचा. त्याने नेहमीच्या जागी हात घालावा तर तिथं काहीच नसायचं.

आमचे अब्बा घड्याळजी. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. माझ्या दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचं टेबल होतं. माझी काटछाट ते कान देऊन ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, काढलेलं कुठं ठेवतोस? मी म्हटलं, ठेवत नाही, पुसून टाकतो. त्यांनी भिंग वर सरकवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “कोणाला लागलं तर?” मी हसलो. पत्त्यांचे खेळ आणि परदेशी भाषा बारामतीत कोणाला लागणार?

आता कापडवाल्या शेठजींची गोष्ट. माझ्या गिऱ्हाइकांत नवं कोरं, पूर्ण विंडोजचं मशीन असलेले ते एकटेच. एके दिवशी त्यांचा निरोप आला की कीबोर्डात भुताटकी झाली आहे. जाऊन बघतो तो पाचाचा आकडा दाबला की टक्क्याची खूण उमटते. मी कीबोर्ड बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी नुसताच त्यांच्या शेजारी बसून राहिलो, आणि भूत सापडलं. शेठजी विचार करताना करंगळीने शिफ्टचं बटण टकटक वाजवत. विंडोजमध्ये ‘स्टिकी कीज’ नावाची एक सोय असते. शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबलं की ती जागी होते, सूर काढते आणि एक चौकट दाखवते. शेठजी ती चौकट न वाचताच एंटर मारत. त्यानंतर शिफ्ट धरून ठेवावं लागत नाही. एकदा दाबून सोडलं तरी पुढच्या अक्षराला ते लागू होतं. ही सोय कोणासाठी असेल, असा प्रश्नसुद्धा माझ्या मनात आला नाही. शेठजींच्या मशीनवर मी ती बंद करून ठेवली, आणि दुकानात येऊन माझ्या मुख्य डिस्कवरून ती मुळासकट उपटली. एक ताप गेला म्हणून त्या दिवशी अब्बांना आणि मला भजी मागवली.

त्यानंतरच्या वर्षी अंथुर्ण्याहून एक कुटुंब मशीन न्यायला आलं. अंथुर्णे हे बारामतीहून इंदापूरला जाताना लागणारं गाव. मारुतराव, त्यांची बायको भामाबाई आणि मुलगी नंदा. पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणारं घर, आता थोडी शेती आणि दोन म्हशी. नंदा विशीची असेल. डाव्या हातावरून तिने ओढणी घेतली होती आणि ती शेवटपर्यंत हलवली नाही. सभ्यपणा म्हणून मी तिकडे पाहिलं नाही. नंतर कळलं की कडबा कुट्टीच्या यंत्रात तिचा हात मनगटापासून गेला होता. पुण्यात अपंगांच्या एका संस्थेत ती कॉम्प्युटरवर मराठी टायपिंग शिकून आली होती आणि आता घरीच गावातल्या पत्रिका, अर्ज टाईप करून देणार होती. मी नेहमीप्रमाणे माझ्या विंडोजचं कौतुक सांगितलं. तिने एकच विचारलं, “ह्यात सगळं हाय नव्हं?” मी म्हटलं, लागतं ते सगळं आहे. भामाबाईंनी मशीन घोंगडीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसल्या.

पुढे वर्षभर काही तक्रार आली नाही. मग मारुतरावांचा निरोप आला की पडदा थरथरतोय. हिवाळ्यातली सकाळ होती. मी मोटारसायकलवरून अंथुर्ण्याच्या त्यांच्या वस्तीवर गेलो, तेव्हा मायलेकींचं काम चाललं होतं. दारातून मी जे पाहिलं ते तसंच उभं राहून पाहत राहिलो.

नंदा उजव्या हाताने टाईप करत होती, आणि चांगली भराभर करत होती. तिच्या डाव्या अंगाला भामाबाई पाय दुमडून बसल्या होत्या. कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात, शिफ्टच्या बटणावर, त्यांचं एक बोट ठेवलेलं होतं. नंदा गुडघ्याने आईला हलकेच ढोसायची, आई बटण दाबायची, नंदा अक्षर मारायची, की आई सोडायची. पडद्यावर भामाबाई पाहतच नव्हत्या, पाहत होत्या त्या मुलीच्या चेहऱ्याकडे. दोघींचा असा काही ताल जमला होता की कुठं थांबणं नाही, चुकणं नाही. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोन बायकांसारखा.

आपल्या मराठीत शिफ्टशिवाय एक ओळ पुरी होत नाही. ख, घ, थ, ध, भ, ही सगळी अक्षरं त्या बटणाखाली. एका हाताच्या माणसाने शिफ्ट धरून कीबोर्डच्या पार दुसऱ्या टोकाचं अक्षर गाठायचं म्हणजे पंजाच्या कसरतीच. नंदाने आधी हनुवटीने बटण दाबून पाहिलं होतं, त्यावर दगड ठेवून पाहिला होता. शेवटी आई येऊन बसली.

चहा देताना भामाबाई हसत म्हणाल्या, “आमी दोगी मिळून एक मानूस लिवतो बगा.” मग पडद्यावरच्या मजकुरात बोट फिरवत त्यांनी मला अक्षरं दाखवली. शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई शिफ्टची अक्षरं तेवढी ओळखायला शिकली होती. “ह्यो माजा, ह्यो बी माजा,” असं म्हणत त्या भ आणि ध वेचत होत्या. बाकीची अक्षरं नंदाची, त्यांच्याशी त्यांचा संबंध नव्हता. स्वतःच्या नावातलं पहिलं अक्षर आपल्या वाटणीला आलं, याचा त्यांना विशेष आनंद होता.

पडदा दुरुस्त करताना मी नंदाला विचारलं की धंदा कसा आहे. ती म्हणाली की इंदापूरच्या एका छापखान्यात लग्नसराईसाठी टायपिंगवाली हवी आहे आणि तिचं काम पाहून मालकांनी बोलावलंही आहे. पण ती जाणार नव्हती. छापखान्यातली खोली एवढीशी, खुर्ची एकच, आणि मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं की कामाला एक माणूस पाहिजे, दोन नकोत. शिवाय आई रोज इंदापूरला गेली तर म्हशींचं कोण बघणार. हे सांगताना तिचा आवाज अगदी सरळ होता. पण हाताच्या अपघातानंतर शेजारपाजाऱ्यांच्या दयेखेरीज तिला पहिल्यांदाच कोणी काही देऊ केलं होतं, ते तिच्या कामाकडे बघून, आणि ते ती सोडून देत होती.

मी सहज म्हणालो, मग पुण्याला शिकताना तिथं शिफ्ट कोण दाबायचं?

नंदा म्हणाली, “कुनीच न्हाय. तितल्या मशीनवर येकदा दाबून सोडलं तरी चालायचं. हे जुनं मशीन हाय, ह्याला तेवढं जमत नसंल.”

माझ्या हातातला पेचकस तसाच राहिला. वर्षभर ही मुलगी समजत होती की मशीन म्हातारं आहे, त्याच्याकडून जास्त अपेक्षा करू नये. तक्रारसुद्धा केली नाही. म्हाताऱ्या बैलाला जसं कोणी ओझ्यावरून बोलत नाही, तसं तिने त्या मशीनला सांभाळून घेतलं होतं. आणि तिला जे हवं होतं ते मी शेठजींच्या करंगळीपायी उपटून फेकलं होतं. मला तिथं बसवेना. अब्बांचा प्रश्न आठवला, आणि त्याचं उत्तर समोर ओढणी सावरत बसलं होतं.

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. इंदापूरच्या त्या छापखान्यातलं मशीनही मीच हलकं करून दिलेलं होतं. बारामतीपासून इंदापूरपर्यंत नंदा कुठंही कामाला गेली असती, तरी तिच्यापुढे माझीच विंडोज आली असती.

मी तिला म्हटलं, छापखान्याला नाही म्हणून कळवू नकोस. मला दोन दिवस दे.

काढलेली वस्तू परत बसवणं हे काढण्याच्या दहापट अवघड असतं. पूर्ण विंडोजमध्ये नवीन तुकडा जोडायला एक दार असतं, ते दारही मी जागा वाचवायला बुजवलं होतं. पूर्ण विंडोज कुठून तरी आणून नव्याने टाकली असती, तरी नंदाच्या मशीनवर मराठी अक्षरांना जागा उरली नसती. राहता राहिले कापडवाले शेठजी. सगळ्या पंचक्रोशीत त्यांच्याच मशीनवर ती सोय शाबूत होती, नुसती बंद केलेली. मी फ्लॉपी घेऊन त्यांच्या गादीवर गेलो. कशाला हवंय, त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. ऐकताना शेठजींची करंगळी गादीवर टकटक वाजत होती. मग म्हणाले, “घेऊन जा. माझ्याकडं नुसतं पडून आहे.”

ते तुकडे नंदाच्या मशीनवर नेले तर त्यांना आणखी एक फाईल हवी. ती आणली तर तिला तिसरी हवी. एकदा मशीन उभंच राहिना, एकदा सगळं मराठी पुसून पडद्यावर नुसते चौकोन दिसायला लागले. मी अंथुर्णे आणि बारामती अशा इतक्या चकरा मारल्या की मारुतरावांच्या कुत्र्याने माझ्यावर भुंकणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाच वेळा शिफ्ट दाबलं आणि मशीनने सूर काढला. एवढा गोड आवाज मी त्या धंद्यात दुसरा ऐकला नाही.

नंदाने शिफ्ट दाबलं, सोडलं, मग अक्षर मारलं. भ उमटला. तिने आईकडे पाहिलं. भामाबाईंचं बोट बटणापासून वीतभर वर थांबलेलं होतं, पुढे जावं की मागे यावं हे त्याला कळत नव्हतं. त्यांनी ते हळूच पदरात घेतलं आणि म्हणाल्या, “म्हंजी आता मी नगं.” हसून म्हणाल्या, पण लगेच उठल्या आणि म्हशींकडे निघून गेल्या. मी आनंदात होतो, तरी ते मला लागलं.

छापखान्याच्या मशीनवर मी तेच तुकडे बसवून ठेवले होते. चाचणीच्या दिवशी नंदा आईला घेऊन इंदापूरला आली. मीही गेलो, मशीन ऐन वेळी आडवं पडलं तर म्हणून. मालक अण्णा म्हणजे करड्या मिशांचे, कामाला कडक गृहस्थ. त्यांनी हाताने लिहिलेली एका लग्नाची पत्रिका नंदापुढे ठेवली. दोन्हीकडच्या भाऊबंदांची नावं, आजोळची मंडळी, शेवटी चिल्ल्यापिल्ल्यांचा आग्रह, असा भरगच्च ऐवज होता. नंदाने ओढणी डाव्या हातावरून काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. माझ्यासमोर तिने तो हात उघडा ठेवला तो पहिल्यांदाच. शिफ्ट पाच वेळा दाबून तिने सूर काढला आणि कामाला लागली.

भामाबाई कागदांच्या रिमांना टेकून दाराशी उभ्या होत्या. मी पाहत होतो, त्यांचं बोट पदराखाली दर वेळी बरोबर दबत होतं.

पत्रिका पुरी झाली. अण्णांनी चष्मा लावून ती ओळीने वाचली. वधूच्या मामांच्या नावात एक काना राहिला होता, तो त्यांनी दाखवला, नंदाने घातला. मग अण्णा म्हणाले, “सोमवारपास्नं ये. आठाच्या गाडीनं आलीस तरी चालंल.” नंदा व्हय म्हणाली आणि खाली मान घालून उगाच कीबोर्ड पुसायला लागली.

त्यानंतर मी जमेल तसा गावोगाव फिरून माझ्या मशीनवर ती सोय परत बसवत गेलो. कोणी विचारलं तर सांगायचो की दुरुस्ती आहे. लोकांना वाटलं आतारला काम राहिलं नाही. मशीन हलकी करण्याचं काम मी त्यानंतरही केलं, कारण गरज होती, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही. ज्याला नवं परवडत नाही त्याचं जुनं चालतं ठेवणं हे चांगलंच काम आहे. फक्त काहीही कापण्याआधी मी गिऱ्हाइकाला, तुमच्या घरी हे मशीन कोण कोण वापरणार, असं विचारायला लागलो. लोक म्हणायचे, आतारभाऊ पोरीचं स्थळ बघायला आल्यागत चौकशी करतात.

अंथुर्ण्याला पुन्हा गेलो ते लग्नसराई उलटल्यावर. नंदाचं इंदापूरचं काम पक्कं झालं होतं. रविवारी ती घरी गावातल्या लोकांचं टायपिंग करायची. मशीनमध्ये धूळ बसली होती, ती काढायला मला बोलावलं होतं.

आत गेलो तर भामाबाई आपल्या जुन्या जागेवर बसलेल्या. बोट शिफ्टवर. नंदाचा गुडघा, आईचं बोट, नंदाचं अक्षर. कोणाच्या तरी बारशाचं आमंत्रण चाललं होतं.

मला वाटलं माझी दुरुस्ती पुन्हा ढासळली. मी घाईघाईने एक खुर्ची ओढून भामाबाईंच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, अगं, ती सोय बंद पडली का? थांब, मी चालू करून देतो.

भामाबाई कौतुकाने मला सांगायला लागल्या, की इंदापूरचं मशीन शिकलेलं हाय, ते आपलं आपन दाबतं. हे मातर शिकवलेलं पुन्ना इसरलं, ह्याला मी लागते.

मी पाच वेळा दाबायला शिफ्टकडे हात नेला. नंदाने तिचा उजवा हात माझ्या हातावर ठेवला. आई पडद्यावर आपली अक्षरं शोधत होती.

“राहू द्या भाऊ,” नंदा अगदी हळू म्हणाली. “घरी म्याच बंद ठिवतीया.”

मी हात मागे घेतला. माझी खुर्ची भामाबाईंना अगदी खेटून होती, ती मी थोडी बाजूला ओढली, म्हणजे त्यांना कोपर मोकळं ठेवून बसता येईल.